राणीचे हसू पुन्हा घडविल्याची हकिकत

श्रीगजानन, कुलस्वामिनी आणि तुळशीपुढील सांजवात यांस नमस्कार करून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, श्रावणमासी आदितवारी जे वर्तमान घडले, ते जैसे कानी आले तैसे लिहिले आहे. अधिक उणे जाहले असेल ते ऐकणारांनी पदरात घ्यावे.

कोणे एके देशी श्रीमंत राज्य करीत होते. देशाचे नाव सांगण्याचे कारण नाही. प्रजा सुखी, पर्जन्य वेळेवर आणि माणसागणिक एक मोबाइल, ऐसा भरभराटीचा काळ. श्रीमंतांस जुन्या गोष्टींचा बहुत लोभ. एके दिवशी मर्जीस आले की, आपले राज्यी पूर्वी जे जे नामांकित प्रसंग घडले आणि लोकांच्या मनी राहिले, ते सांप्रतच्या नटनट्यांकडून हुबेहूब पुन्हा घडवावे आणि त्यांचे चिमुकले व्हिडिओ करावे. इतके चिमुकले की दूध तापत ठेवून पाहावयास बसलेल्या बाईचे दूध उतू जाऊ नये. मग हुकूम सुटला आणि कामे चालू जाहली. प्रथम, ज्या पहिलवानाने कुस्ती मारून हरल्या गड्यास खांद्यावर घेऊन मिरविले होते, तो प्रसंग केला. आणि सांप्रतचा नट गड्यास उचलावयास गेला तो कमरेत उसण भरली आणि गड्यानेच त्यास खांद्यावर घालून वैद्याकडे नेले, तरी लोकांस तो व्हिडिओ फार आवडला. मग रेडिओवर बातम्या सांगता सांगता ज्या निवेदकास शिंक आली आणि ज्याने साऱ्या प्रजेची क्षमा मागितली, तो प्रसंग केला, तोही गाजला. मग श्रीमंत बोलिले, "आता राणीचे हसू करा."

ऐसियास राणीचे हसू म्हणजे काय, तर बहुत वर्षांमागे राजधानीच्या नाट्यगृहात यमुनाबाई, ज्यांस सांप्रत लहानथोर आक्का म्हणतात, त्या राणीचे काम करीत होत्या. राजा मरोन पडला आहे, राणीने उशाशी बैसोन विलाप करावयाचा आहे, प्रेक्षकांनी रुमाल काढून तयार ठेविले आहेत. आणि ऐन समयी राणी हसली. हसली ती ऐसी की मेल्या राजाने एक डोळा उघडला, आणि रडावयास आलेले लोक हसो लागले, आणि पडदा पडला तरी कोणास आवरेना. त्या हास्याची तसबीर घरोघरी लागली, आणि पंडितांनी त्यावर ग्रंथ केले. कोणी म्हणे, हे काळावर मात करणारे हास्य. कोणी म्हणे, स्त्रियांचे पिढ्यानपिढ्यांचे मौन येथे फुटले. ऐसे ते हसू, ते आता कादंबरीबाईंनी हसावे असे ठरले.

कादंबरीबाई म्हणजे सांप्रतच्या नट्यांत अग्रगण्य. परंतु त्यांचे मागले दोन व्हिडिओ पडले होते आणि श्रीमंतांची मर्जी किंचित फिरली होती. फर्मान ऐसे की, आदितवारी सूर्यास्तापूर्वी हसू साधले तर बरे, न साधले तर राणीचे काम दुसऱ्या नटी चित्रलेखाबाईंकडे जाईल. आणि एकदा काम दुसरीकडे गेले म्हणजे लोक नावही त्याच वाटेने नेतात, हे कादंबरीबाई पक्के जाणून होत्या, म्हणोन रात्रभर आरशापुढे हसोन त्यांचे गाल दुखत होते. आणखी एक गोष्ट त्यांच्या पोटात होती, किंबहुना त्यांच्या पोटात काहीच नव्हते. दर आठवड्यास त्या मोबाइलमध्ये येऊन तुपाने निथळणारी पुरणपोळी हाती धरीत आणि म्हणत, "मी बाई सगळं खाते, देवानं अंगच असं दिलंय!" आणि मोबाइल बंद जाहला की तो घास हळूच रुमालात जाई आणि बाई काकडी खात. हे वर्म आजवर कोणास ठाऊक नव्हते.

मग आदितवारी नाट्यगृहात मोर्चे लागले. कारभारी सुमेधपंत यांनी मंचक मांडिला, रावजींनी कॅमेरा रोखिला, आणि शार्दूलराव नट मेल्या राजाचे सोंग घेऊन उताणे पडले. मग कादंबरीबाई हसल्या. पहिले हसू काचेची बरणी फुटावी तैसे आले. दुसरे पिंपळावरून यावे तैसे आले आणि दिवेवाल्याने मनात रामनाम घेतले. तिसऱ्या वेळी बाईंनी बत्तिशी दाखविली, तो मंचकावरून शार्दूलराव डोळे मिटूनच म्हणाले, "बाई, मेलोय मी. आता मला टूथपेस्ट विकून काय उपयोग?" मग चौथे हसू हुंदक्यावर गेले आणि पाचव्याचे नाव घेववत नाही. सुमेधपंत हवालदिल होऊन म्हणाले, "कादंबरीताई, चित्रलेखाबाई निघाल्यात म्हणे घरून. मी नाही बोलावलं हां, त्याच निघाल्या." हे ऐकोन कादंबरीबाई घाईने म्हणाल्या, "पंत, आक्कांना आणा. ज्यांचं हसू, त्याच शिकवतील."

मग आक्कांस आणावयास गाडी धाडिली आणि आक्का आल्या. नऊवारी, हाती एक लहानशी पिशवी, मुद्रा ऐसी शांत की गोंगाट आपोआप निवाला. कादंबरीबाईंनी वाकोन नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आक्का, एकदाच हसून दाखवा, मी तसंच उचलते." तो आक्का हळूच बोलिल्या, "दाखवते की, बाळा. पण आज आदितवार. माझी कहाणी व्हायचीय. श्रावणात कहाणी सांगितल्याशिवाय मी पाणी घेत नाही आणि दुसऱ्या कामाला हात लावत नाही." सुमेधपंत म्हणाले, "एवढंच ना? सांगा की! आम्ही सगळे ऐकतो." आक्का म्हणाल्या, "सगळे ऐका, पुण्यच आहे. पण एक तरी ऐकणारं उपाशी हवं. माझ्या सासूबाईंची रीत आहे. रोज शेजारची सिंधू असते, ती लेकीकडे गेलीय बाळंतपणाला. तुमच्यात उपाशी कोण आहे?"

आता येथे मोठा पेच पडला. कारण सुमेधपंतांची कीर्ती ऐसी की त्यांचे कामावर कोणी उपाशी राहू नये. सकाळी साबुदाण्याची खिचडी, मग उपीट, मग शिरा, मग श्रावण म्हणोन बिनकांद्याची भजी, ऐसा मुदपाक अखंड चालला होता. पंतांनी राजरस्त्यावर माणसे धाडिली की, कोणी उपाशी मनुष्य मिळेल तर सन्मानाने आणावा. माणसे गेली आणि पुसू लागली, तो लोक म्हणाले, "जेवण देताय का? मग आहोत उपाशी!" आणि ढेकर देत मागे आले; आक्कांनी त्यांस हात जोडून परत लाविले. मग शार्दूलराव मंचकावरून म्हणाले, "आक्का, मी उपाशी. मेलेला माणूस कुठून खाणार?" आक्का जवळ जाऊन म्हणाल्या, "होय रे? मग मिशीला साबुदाणा कुणाचा लागलाय?" तेव्हा राजाने मिशी पुसली आणि पुन्हा मरोन पडला.

सूर्य कलला. सर्व जण चिंतेत, आणि सर्वांत अधिक कादंबरीबाई, कारण उपाशी मनुष्य राज्यात एकच होते आणि ते त्या स्वतः होत्या. पहाटे लिंबू घालून कढत पाणी घेतले, तेच काय ते. परंतु तोंडाने म्हणावे कैसे? आजवर इतक्या पोळ्या लोकांनी पाहिल्या, त्यांचे काय? बोलावे तर अब्रू जाते, न बोलावे तर राणी जाते. ऐसा विचार करीत असता बाहेर गाडीचे दार वाजले आणि चित्रलेखाबाईंच्या अत्तराचा वास आत आला. मग कादंबरीबाईंनी डोळे मिटिले आणि एकदम म्हणाल्या, "मी आहे उपाशी." सुमेधपंत म्हणाले, "तुम्ही? अहो, परवाच तर चार पुरणपोळ्या..." बाई म्हणाल्या, "रुमालात गेल्या, पंत. चारही." आक्कांनी त्यांच्या गालावरून हात फिरविला आणि म्हणाल्या, "देवानं माझ्यासाठीच उपाशी ठेवली गं तुला. ये, बस."

मग बसावे कोठे, तो धुतलेली चादर म्हणावी तर मंचकाचीच, म्हणोन राजाच्या उशाशीच दोघी बैसल्या. आक्कांनी पिशवीतून निरांजन काढिले, आणि अक्षता काढिल्या आणि सर्वांच्या मुठीत घातल्या; कादंबरीबाईंच्या, पंतांच्या, रावजींच्या दोन्ही, दारातून आलेल्या चित्रलेखाबाईंच्या, आणि मेल्या राजाच्याही. आणि बजाविले, "कहाणी संपेस्तोवर मूठ उघडायची नाही हां कुणी." रावजी म्हणाले, "आक्का, कॅमेरा चालूच राहिलाय, तेवढा बंद..." आक्का म्हणाल्या, "मूठ." मग रावजी दोन्ही मुठी छातीशी धरोन उभे राहिले आणि कॅमेरा आपला पाहात राहिला.

आक्का मंद स्वरे सांगो लागल्या की, एक गाव होते, गावात एक सून होती, तिच्या घरी देव जेवावयास यावयाचा होता. कादंबरीबाईंनी "हूं" म्हटले. मग सुनेने चूल सारविली, हूं. मग डाळ शिजली, पुरण वाटले, वेलची कुटली, हूं. मग कटाच्या आमटीस फोडणी दिधली आणि तिचा वास वेशीपर्यंत गेला, हूं. आणि मग सुनेने तव्यावरची पोळी काढिली, ती कैसी? टम्म फुगलेली, कडेने खरपूस, आणि वरून लोणकढे तूप सोडिले, ते पोळीच्या मधोमध थांबले आणि मग हळूहळू... येथे हूं आले नाही. हूंच्या ठायी कादंबरीबाईंच्या पोटातून ऐसा दीर्घ आणि वळणावळणाचा आवाज निघाला की, जणू दूर डोंगरात रणशिंग फुंकिले. नाट्यगृह जुने, जे वाजेल ते दुणावून परत देणारे. त्याने तो आवाज पुन्हा ऐकविला. मेल्या राजाने एक डोळा उघडला. आक्का थबकल्या. त्यांनी कादंबरीबाईंच्या पोटाकडे पाहिले, मग राजाच्या डोळ्याकडे पाहिले, आणि त्यांचे ओठ थरथरो लागले. "अगं बाई! माझंही हेच झालं होतं! त्या दिवशीही उपास होता, आणि त्या मेल्यानं असाच डोळा उघडला!" ऐसे त्या म्हणतात न म्हणतात तो कादंबरीबाईंस हसू आले.

ते हसू कोठून आले हे त्यांस कळले नाही. घशातून नव्हे, आरशातून नव्हे. जेथे इतके दिवस काकडी आणि धास्ती एवढेच होते, तेथून ते उसळले, आणि डोळ्यांतून पाणी आले, आणि आवरू गेल्या तो पोट पुन्हा बोलिले. मग आक्का हसल्या आणि दोन हसणी एक जाहली. शार्दूलराव मरणशय्येवर गदगदो लागले, पंत खांबास टेकले, चित्रलेखाबाई हसता हसता मटकन खाली बैसल्या. आणि मूठ कोणी उघडीना, म्हणोन डोळे पुसणे नाही, टाळी नाही, सारे मुठी आवळून हालत होते. कादंबरीबाईंनी धापा टाकीत पुसिले, "आक्का, मग ते ग्रंथ? काळावर मात?" आक्का म्हणाल्या, "जो आला त्याला मी खरंच सांगितलं गं, की पोट वाजलं. प्रत्येक जण म्हणाला, बाई विनयी आहेत." हे ऐकोन पुन्हा एक लाट आली. मग आक्कांनी पदराने डोळे टिपिले, कहाणी होती तेथून धरिली, देव जेवावयास आला, सून सुखी जाहली, सर्वांनी अक्षता निरांजनास वाहिल्या. तेव्हा रावजींनी धावोन कॅमेरा पाहिला, तो राणी, राजाचा उघडा डोळा आणि ते हसू, सारे आत आले होते. सूर्य अद्याप बोटभर वर होता.

श्रीमंतांनी व्हिडिओ पाहिला आणि त्यांचे दूध उतू गेले, कारण त्यांनी तो लागोपाठ पुनःपुन्हा पाहिला. मर्जी सुप्रसन्न जाहली. राणीचे काम कादंबरीबाईंकडे कायम जाहले. आक्कांस चौकटीतून कापावे ऐसे कोणी सुचविले, त्यास बाई म्हणाल्या, "त्यांना कापाल तर माझंही पोट कापा." मग आक्का चौकटीतच राहिल्या. पंडितांनी नवे ग्रंथ आरंभिले. एक म्हणाला, हे दोन युगांचे मीलन. दुसरा म्हणाला, हे उपभोगाच्या काळास दिलेले उत्तर. त्यांनी बाईंस भेटोन अर्थ पुसिला. बाई म्हणाल्या, "पोट वाजलं हो." पंडितांनी एकमेकांकडे पाहिले आणि लिहून घेतले की, बाई विनयी आहेत.

येणेप्रमाणे राणीचे हसू दुसऱ्यांदा घडले. त्या श्रावणातील उरल्या आदितवारी कादंबरीबाई न चुकता आक्कांकडे उपाशी गेल्या, मुठीत अक्षता घेऊन हूं म्हणाल्या, आणि कहाणी झालियावर पाटावर बैसोन तुपासह पोळी जेवल्या. रुमाल घरीच ठेवीत. ज्यांनी ऐकिले त्यांस भूक लागो, ज्यांस भूक लागली त्यांस पान मिळो, इतकेच मागणे.