निवडणूक एका गाण्यात

आमच्या शेजारच्या शकुंतलाआक्का राष्ट्राध्यक्षांना अरेतुरे करतात. समोरासमोर नव्हे, टीव्हीवर. हिंदीत डब केलेल्या परदेशी सिनेमातला अध्यक्ष टेबलावर मूठ आपटून युद्ध जाहीर करायला लागला, की आक्का लसूण सोलता सोलता विचारतात, "आरं, घरी कुनाला इचारलंस का?"

लग्न होऊन मी पुणतांब्यात आले तेव्हापासून दुपारची भांडी आटोपली की त्यांच्याकडे जाऊन बसते. सासू-सुनांच्या मालिका आक्का बघत नाहीत. त्यांना फक्त निवडणुकीचे आणि खुर्चीचे पिक्चर लागतात, आणि त्यातलं काही म्हणजे काही पटत नाही.

"अर्ज भरला, गाणं लागलं, गाणं सरस्तवर गडी मुख्यमंत्री! मधी कुनी रुसलं न्हाई, भावकीनं पाय वढलं न्हाई. पिक्चरातलं विलेक्शन लई सोप्पं, पोरी."

परदेशी अध्यक्षाची तर त्यांना काळजीच वाटते. "सकाळधरनं फोन चाललाय ह्याचा. एवढ्या मोठ्या मान्साला लघवीला जावं लागत न्हाई व्हय?"

खरा राग मात्र बाई मुख्यमंत्री दिसली की. "बघ, पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. नवरा मेल्याबिगर बाईला खुर्चीच न्हाई का ह्यांच्या पिक्चरात?"

हे त्या पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा त्यांचे यजमान आण्णा उंबऱ्यात बसून हसले होते. "सूनबाई, हिला समदं ठावं हाय. ही हुती ना सरपंच."

मला तोवर पत्ताच नव्हता. जागा बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा आण्णांनी आक्कांना उभं केलं. त्या निवडून आल्या आणि पाच वर्षं गावानं आण्णांनाच सरपंच म्हटलं. आक्कांनी सह्या केल्या आणि चहा केला.

गेल्या हिवाळ्यात आण्णा गेले. त्यानंतर बरेच दिवस आक्कांचा टीव्ही बंदच होता. एका दुपारी मीच लावला. म्हटलं, कुणाला तरी चार शिव्या घालतील, तेवढंच बरं वाटेल.

पिक्चरमध्ये एक बाई देशाची अध्यक्ष झाली होती. हजारो लोकांपुढे ती भाषणाला उभी राहिली. तिचा नवरा पहिल्या रांगेत बसून ऐकत होता. मी आक्कांच्या शेऱ्याची वाट बघत होते. आक्कांनी हातातला लसूण खाली ठेवला.

मग म्हणाल्या, "मी बी केलं हुतं एक भाषान. पंधरा आगस्टाचं."

"ग्रामपंचायतीपुढं?"

"चुलीपुढं. रोज भाकरी थापता थापता म्हनायची. हे म्हनवून घ्यायचे, चुकलं की सांगायचे. त्या दिवशी झेंडा झाला, मी उठले, तर हेच म्होरं झाले. म्हनाले, सरपंचबाईंचा घसा बसलाय. आन माझंच भाषान धडाधड म्हनून टाकलं. लोकांनी लई टाळ्या वाजवल्या."

"आणि तुम्ही?"

"मी बी वाजवल्या. चांगलं बोलले की."

मी टीव्हीचा आवाज बंद केला. "आता म्हणून दाखवा, आक्का. मी ऐकते."

आधी त्यांना हसू आलं. "येडी का काय तू," म्हणाल्या. पण उठल्या. मांडीवरची लसणाची सालं खाली सांडली. त्यांनी पदर सारखा केला आणि भिंतीकडे नजर लावली.

"गावातल्या माझ्या बंधू-भगिनींनो!" आवाज असा खणखणीत, की मीच दचकले. "आपल्या गोदावरीच्या काठाला..."

अडल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथंच अडल्या. ओठ हलत राहिले, शब्द येईना.

मी म्हटलं, "राहू द्या, आठवेल नंतर."

"न्हाई आठवायचं," आक्का खाली बसत म्हणाल्या. "म्होरचं ह्यांनाच पाठ हुतं."