गोटूचा माग

रविवारी सकाळी प्रेमराजची गाडी जळगावहून सावद्याकडे निघाली, तेव्हा मागच्या सीटवर दोघे होते आणि आपण कुठे चाललोय हे दोघांनाही नीट माहीत नव्हतं. एक गोटू, लांब कानांचा, दीड वर्षाचा बीगल कुत्रा. दुसरे बाबूजी, म्हणजे प्रेमराजचे वडील रुपचंद, वय एक्याऐंशी.

बाबूजी वर्षभरापासून वाट विसरू लागले होते. मंदिरात जायला निघत आणि भलत्याच गल्लीत पोचत. दिवाळीनंतर एकदा तर ते यावलच्या बसमध्ये जाऊन बसले आणि आपल्याला कुठे जायचंय, हे कंडक्टरलाच विचारू लागले. तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या नातीने, भाविकाने, हा कुत्रा पाठवला. बीगल वासावरून माणूस शोधून काढतो, फक्त त्याला शिकवावं लागतं, असं तिचं म्हणणं. बाबूजींना वाईट वाटू नये म्हणून कुत्रा दुकानाच्या राखणीला आणल्याचं त्यांना सांगितलं होतं.

शिकवायचं काम करमसिंगकडे होतं. तो मूळचा शिरपूरकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. सावद्याजवळ एका केळीच्या बागेत तो राखणदार होता आणि रानडुकरांच्या मागावर जाणारी तीन कुत्री त्याने तयार केली होती. त्या बागेतलं ठिबक सिंचन प्रेमराजच्याच दुकानातून गेलेलं, त्यामुळे मालकाने तिथे शिकवायला हरकत घेतली नाही.

तीन रविवार झाले होते. ‘बस’ म्हटलं की गोटू उभा राही, ‘थांब’ म्हटलं की चालू लागे. भाविका त्याच्याशी फोनवरून इंग्रजीत बोलायची, प्रेमराजची बायको पुष्पाबाई मारवाडीत आणि करमसिंग अहिराणीत. या गोंधळात त्याला काही कळत नसावं, अशी शंका प्रेमराजने काढली. करमसिंगने ती ऐकून घेतली आणि नकारार्थी मान हलवली.

“त्याले बठ्ठं समजस, शेठ. पन त्याना मनमा यी तवय करस.”

बक्षीस म्हणून उकडलेली कलेजी आणा, असं करमसिंगने पहिल्याच दिवशी सुचवलं होतं. पुष्पाबाईने तो शब्दसुद्धा घरात पुन्हा काढायचा नाही म्हणून बजावलं. मग पनीर ठरलं. पनीरच्या बाबतीत गोटूची काही तक्रार नव्हती.

आजचा धडा सोपा होता. बाबूजींनी रुमालाने तोंड पुसून तो करमसिंगकडे द्यायचा आणि बागेत शंभरेक पावलांवर जाऊन बसायचं. गोटूने रुमाल हुंगून त्यांना शोधायचं. त्याच्या गळ्यातला लांब दोर प्रेमराजच्या हातात.

गोटूने रुमाल हुंगला, नाक जमिनीला लावलं आणि मोठ्या आत्मविश्वासाने निघाला. प्रेमराजला भरून आलं. तीन ओळींना वळसा घालून गोटू थांबला, वळला आणि प्रेमराजच्या खिशाला नाक लावून बसला. खिशात पनीर होतं. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तेव्हा करमसिंगने बाबूजींना परत बोलावलं आणि पनीरची पुडी त्यांच्याकडे द्यायला लावली. बाबूजी पुडी घेऊन पुन्हा केळीत दिसेनासे झाले.

आता गोटू हलेचना. प्रेमराजने दोर ओढला, तो बसला. मागून ढकललं, तो आडवा झाला. प्रेमराज घाम पुसायला थांबला, तेवढ्यात गोटू उठला आणि दोरासकट केळीत घुसला.

शेठने इथेच थांबावं, असं सांगून करमसिंग डाव्या बाजूने गेला. पण आत वडील आणि कुत्रा दोघेही असताना प्रेमराजला थांबवेना. तो उजव्या बाजूने आत शिरला.

केळीच्या बागेत सगळीकडे केळीच असते. पाच मिनिटांत त्याला बागेचं फाटक कुठे राहिलं ते कळेना. आधी बाबूजींना हाक मारावी की गोटूला, हेही ठरेना. तो आळीपाळीने दोघांना हाका मारत राहिला. फोन गाडीत चार्जिंगला लावलेला. मग त्याला सुचलं की ठिबकची नळी धरून चालत गेलं तर आपण मेन लाइनला आणि तिथून पंपाशी पोचू. वीस वर्षं तो हेच तर विकत होता. तो नळी धरून बराच चालला आणि शेवटी नळी बंद करणाऱ्या एंड कॅपपाशी पोचला. म्हणजे उलट्या टोकाला. परत फिरला, वाटेत पडलेल्या घडाला वळसा घालताना ओळ चुकली, आणि दुसरी नळी धरून तो दुसऱ्या एंड कॅपपाशी पोचला. तिथे तो खाली बसला. आपण नेमकं कोणाला शोधतोय, बाबूजींना, गोटूला की फाटकाला, हे त्याला आठवून पाहावं लागलं. बाबूजी एकटे असतील, घाबरले असतील, कोणाला पत्ताही सांगता यायचा नाही.

पानं खसखसली. आधी गोटूचं नाक आलं, मग गोटू. तो सरळ येऊन प्रेमराजच्या रिकाम्या खिशाला भिडला. मागे ताणलेला दोर होता आणि दोराच्या टोकाला बाबूजी.

“सापडलास एकदाचा,” बाबूजी म्हणाले.

“बाबूजी, मी तुम्हाला शोधत होतो.”

“मी कुठे हरवलो होतो? मला बसायला सांगितलं, तिथेच बसलो होतो. हा आला, दोघांनी पनीर खाल्लं. मग तुझ्या हाका ऐकू यायला लागल्या. ह्याला म्हटलं, चल बघू, आणि हा चालायला लागला.” त्यांनी प्रेमराजच्या पाठीवर हात ठेवला. “लहानपणीसुद्धा असाच घाबरायचास तू.”

बाबूजी म्हणाले ‘ऊठ’, तर प्रेमराज आणि गोटू दोघेही उठले.

पंपाशी करमसिंग वाट बघत उभा होता. पुढे कुत्रा, मध्ये बाबूजी, मागे शेठ, अशी ओळ येताना त्याने पाहिली आणि तो समाधानाने म्हणाला, “कुत्रा तयार शे.” कोणासाठी तयार, हे विचारावं असं प्रेमराजला वाटलं, पण त्याने विचारलं नाही.

गाडीत फोन वाजत होता. बाबूजींनीच तो उचलला आणि सुनेला झालेली हकिगत सांगितली. प्रेम वाट चुकला होता, अर्धा तास केळीत ओरडत फिरत होता, आता ठीक आहे, पाणी पाजलंय. त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. मग त्यांनी फोन प्रेमराजच्या हातात दिला.

पलीकडून पुष्पाबाई एकेक शब्द सुटा करत, अगदी हळू आवाजात बोलली.

“अहो, घाबरू नका. घरी येईपर्यंत बाबूजींचा हात सोडू नका.”