तामातीच्या भुवया

सोयरीक ठरवायला पाहुणे मराएच्या, म्हणजे गावच्या सभास्थानाच्या, फाटकापाशी येऊन उभे होते आणि मुलीचा बाप आरशासमोरून हलायला तयार नव्हता.

"हे तोंड घेऊन मी येत नाही," तामाती ओठ न हलवता म्हणाला. "वरचा ओठ बघ. वांगं लटकवल्यासारखा दिसतोय."

"मग हे शहाणपण करायला कोणी सांगितलं होतं?" त्याची बायको हुइया कडाडली. "तरुणपणी रग्बीत दात घालवलास, इतकी वर्षं फट घेऊन जेवलास. आता लेकीच्या लग्नात मिरवायला नवा दात हवा!"

नवा दात बसवायला जबड्यात हाडच उरलं नव्हतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी परवा हिरडी उघडून हाडाची भर घातली होती. पाहुणे खरं तर पुढच्या शनिवारी यायचे होते, तोवर सूज उतरली असती. पण त्या दिवशी मराएवर कोणाच्या तरी थडग्यावरच्या नव्या दगडाच्या अनावरणाचा कार्यक्रम निघाला आणि पाहुणे आठवडाभर अलीकडे सरकले. डॉक्टरीणबाईंची ताकीद कडक होती. बोलणं कमी, हसणं बंद, नाकाओठावर दाब नको.

शेवटी तोंडाला मास्क आणि सुजेने काळ्यानिळ्या पडलेल्या डोळ्यांवर मासेमारीचा भलामोठा गॉगल चढवून तामाती सभागृहात जाऊन बसला. दाताचं कोणापुढे, अगदी लेकीपुढेही, काढायचं नाही, अशी शपथ त्याने हुइयाला घातली होती. स्वागताचं भाषण त्याच्या भावाने केलं.

मग मुलाची आजी ताइमा उठली. साऱ्या किनाऱ्यावर तिच्या जिभेचा दरारा होता. नातवाचं तोंडभर कौतुक करून तिने थेट विचारलं, "काय रे तामाती, आमच्या मातिउला मुलगी देतोस ना?"

तामातीने भुवया उंचावल्या. त्या मुलखात होकाराला एवढं पुरतं. दुकानात, चर्चमध्ये, कुठेही. फक्त आपल्या भुवया गॉगलमागे आहेत, हे तो विसरला.

सगळे वाट पाहत राहिले. म्हातारीला कमी दिसत असेल, असं वाटून तामातीने भुवया आणखी जोरात उंचावल्या.

"नाही पाघळत," आजी आपल्या माणसांकडे वळून पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "बरं बाबा, तुझ्या कानावर आलंच असेल. पोरगा सकाळी लवकर उठत नाही. खरं आहे."

भुवया वर.

"घोरतोसुद्धा."

भुवया पुन्हा वर.

"आजी, पुरे!" मातिउ कळवळला.

"गप बैस. त्याला सगळं कळलंय. तुझ्या बोटीचं इंजिन यानेच बिघडवलं रे तामाती. लाटेने नाही!"

आता मात्र भुवया खाली आल्या. पण तेही कोणाला दिसलं नाही.

शेवटचा उपाय म्हणून आजी स्वतः चालत आली आणि रीतीप्रमाणे नाकाला नाक टेकवायला वाकली. ते नाक जवळ येताना पाहून टाक्यांच्या भीतीने तामाती झटकन मागे सरला. पाहुण्याचं नाक टाळलं म्हणजे नातंच मोडलं.

मागून हुंदका ऐकू आला. त्याची एकुलती एक लेक काहुरांगी दाराकडे निघाली होती. "बाबा, मातिउ आवडत नव्हता तर मला घरी सांगायचंस! असं सगळ्यांसमोर..."

तामातीने गॉगल भिरकावला, मास्क ओढून काढला.

"नाही गं बाळा! मघापासून होच म्हणतोय! तोंड शिवलंय माझं! पुढचा दात नाहीये मला!"

आजीने ते काळेनिळे डोळे पाहिले, तो ओठ पाहिला, ती फट पाहिली. "अरे देवा! आणि मी उगाच नातवाची लक्तरं वेशीवर टांगली!" तिने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाला कपाळ अलगद टेकवलं. "टाके सांभाळा, व्याही."

जेवणाआधी फोटो काढायचा ठरला. तामाती ओठ घट्ट मिटून उभा राहिला. आजीने फर्मावलं, "व्याह्यांना हसायची बंदी आहे, तर कोणीच हसायचं नाही. तोंडं मिटा!" दोन्ही घरची माणसं एकदम गंभीर झाली, आणि ते पाहून तामातीला राहवलं नाही.

तो फोटो आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत आहे. सगळे मयताला आल्यासारखे उभे आहेत आणि मधोमध सुजलेला बाप फट दाखवून खदाखदा हसतोय. एक टाका त्यात गेला. पुढे नवा दात बसल्यावर तामातीने मुद्दाम दुसरा फोटो काढून घेतला. तो हुइयाने कुठे ठेवलाय, कोणाला ठाऊक नाही.