उंदरासाठीचा खर्रा

महादेवरावांनी चाबी फिरवली, पण गाडी साधी खोकलीसुद्धा नाही. पुन्हा फिरवली. उजवीकडचं इंडिकेटर एकदा मिणमिणलं आणि विझलं. तिकडे आर्वीच्या बाजार समितीत सोयाबीनच्या गाड्या लागलेल्या, आणि वजनकाट्यावर बसणारा माणूस इकडे रोहणा गावात, स्वतःच्या अंगणात अडकलेला.

"भैय्याजीले फोन केला मी," शोभाबाई दारातून म्हणाल्या. "येऊन राह्यला तो. बॉनेट खोलून पाह्यतो म्हणे."

बॉनेट म्हणताच महादेवराव गाडीतून उतरले आणि बॉनेट अडवून उभे राहिले. बॉनेटच्या आत, बॅटरीमागच्या फटीत, त्यांच्या खर्र्याच्या, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या, पुड्या होत्या. डॉक्टरणीनं 'तोंड उघडा' म्हटलं तेव्हा त्यांचं तोंड दोन बोटांपुरतंच उघडलं होतं. त्या दिवसापासून शोभाबाईंनी हा विषय स्वतःच्या हातात घेतला. दिवाळीत ही जुनी गाडी दारात आली तीच मुळी अटीवर. "ज्या दिवशी खर्रा दिसला, त्या दिवशी चाबी माह्या कमरेले अन् तुमी यष्टीनं," असं त्यांनी देवासमोर बजावलं होतं. महादेवरावांनी शपथ घेतली आणि पाळलीही. घरात, खिशात, कपाटात कुठेच खर्रा ठेवला नाही. बॉनेटचं नाव शपथेत आलं नव्हतं.

गाड्यांच्या वायरिंगचा मिस्त्री भैय्याजी आला. गालात त्याच्याही खर्रा होताच. त्यानं बॉनेट उचललं. आत वायरींच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि त्या चिंध्यांवर फाटलेल्या प्लास्टिकच्या पन्न्या आणि सुपारीचा चुरा सांडला होता. तिघेही वाकून बघत राहिले.

"हे काय व्हय?" शोभाबाईंनी विचारलं.

महादेवरावांनी भैय्याजीकडे पाहिलं. भैय्याजी कुंपणापर्यंत गेला, सावकाश थुंकला आणि परत आला. "वयनी, ते उंदराचं औषध व्हय. तंबाखूच्या वासानं उंदीर येत नाई. मीच सांगतलं होतं भाऊले."

"मंग आले कसे?"

"कमी पडलं," भैय्याजी शांतपणे म्हणाला.

शोभाबाई आत गेल्यावर त्यानं महादेवरावांच्या कानात सांगितलं, "भाऊ, सुपारीसाठी येते ते. वायर नुसती तोंडी लावाले खाल्ली."

पण आता उशीर झाला होता. शोभाबाईंनी हुकूम सोडला, "रोज ताजा खर्रा आणत जा. शिळ्याले उंदीर भीत नसन."

मग काय विचारता! महादेवरावांचे दिवस पालटले. पानठेल्यावर उभे राहून ते छाती पुढे काढून सांगू लागले, "बायकोनं मंगवला." ठेलेवाला खर्रा घोटता घोटता थांबून त्यांच्याकडे आदरानं बघायचा. संध्याकाळी शोभाबाई स्वतःच्या हातानं पुडी बॉनेटमध्ये ठेवायच्या. जेवणं झाली की महादेवराव 'जरा गाडी पाह्यतो' म्हणून उठायचे, अर्धी पुडी गालात घालायचे आणि पन्नीला पुन्हा रबर लावून ठेवायचे. इतकं सुख त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीही लाभलं नव्हतं.

सुख उंदरांनाही लाभलं होतं. आठवड्याच्या आत भैय्याजीनं घातलेल्या नव्या वायरीही कुरतडल्या गेल्या आणि गाडी पुन्हा बंद पडली. शोभाबाईंनी पुडी उचलून उजेडात धरली.

"अवो, हे अर्धीच काऊन?"

"उंदरानं खाल्ला असन."

"अन् खाऊन परत रबर बी त्यानंच लावलं?"

"आजकालचे उंदीर लय हुशार झाले, बाप्पा."

"हो नं," शोभाबाई म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या. एवढ्यावर भागलं, याचं महादेवरावांना नवल वाटायला हवं होतं. पण त्यांना भूक लागली होती.

जेवण झालं. महादेवराव गाडी पाहून आले. गाल भरलेला, मन तृप्त. तेवढ्यात भांडी विसळता विसळता शोभाबाई म्हणाल्या, "गाडीपाशी जाऊ नका आज. खर्र्यात उंदराचं जहर कालवलं मी."

महादेवराव मोरीत धावले. थुंकले, बोटं घशात घातली, तांब्यामागून तांब्या ओतला. अपेक्षाचं लग्न राहिलं होतं, पोरीला कोण उजवणार, असं मनात येऊन त्यांना रडूच कोसळलं.

"शोभा! दवाखान्यात चाल!"

"कोनाले काय झालं?"

"मले! म्या खाल्ला खर्रा!"

"तुमी तं सोडला नं?"

"नाई सोडला! मीच व्हय तो उंदीर! चाबी दे, शोभा!"

"चाबी घेऊन काय करता? वायर कुठी हाय गाडीत?"

महादेवराव मटकन खाली बसले. शोभाबाईंनी हात पुसले आणि त्यांच्याजवळ येऊन बसल्या. त्यांचेही डोळे भरले होते.

"काई नाई कालवलं मी. आपल्याच माणसाले मारू का? ते तुमी स्वताच करून राह्यले होते." एवढं बोलून त्यांनी खुंटीवरची चाबी काढली आणि कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी भैय्याजी नवी वायर घेऊन आला. महादेवराव डबा हातात धरून, खाली मान घालून फाटकातून बाहेर पडत होते.

"काय वयनी, सापडला का उंदीर?"

"सापडला," शोभाबाई म्हणाल्या. "तो काय, आर्वीच्या यष्टीत सोडून देला."