शिवलिंगप्पांचे कप

शिवलिंगप्पांच्या घरी शेवटच्या घोटापर्यंत चहा पिणं धोक्याचं होतं. कपाच्या तळाशी कोण निघेल, सांगता यायचं नाही. माझ्या पहिल्याच कपात आमचे नगरसेवक निघाले, भरल्या घंगाळात आंघोळ करताना. दुष्काळाचं साल होतं आणि भवानी पेठेतले नळ कोरडे होते.

"वळखलं का?" शिवलिंगप्पांनी विचारलं.

"ओळखलं. पण नाक फारच मोठं झालंय."

"भट्टीत माती आकसती की! म्हणून मोठं काढलं हुतं. ह्याचं नाक आकसलंच न्हाय, बघा."

चिनी मातीचे कप, बश्या, बरण्या घडवायच्या, त्यांवर चित्रं रंगवायची आणि परसातल्या भट्टीत भाजायची, हा त्यांचा उद्योग. आधी ते शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. एकदा हेडमास्तरांना त्यांनी फुलदाणी भेट दिली. तिच्यावर हेडमास्तर खुर्चीत घोरत होते. तेव्हापासून शिवलिंगप्पा पूर्णवेळ कलाकार झाले. भट्टी पेटली की आमच्या दोरीवरचे कपडे काळे व्हायचे. तक्रार केली तर म्हणायचे, "काढू का तुमाला बशीवर?" गल्ली गप्प.

घरात माणसं दोनच, ते आणि त्यांची मुलगी महादेवी. ती लहान असतानाच बायको गेली होती. मुलीला ते कानडीत 'अव्वा' म्हणायचे, म्हणजे आई.

महादेवीला बघायला करकंबहून पाहुणे आले. मुलाला स्कूटर पाहिजे, हा निरोप त्यांच्याही आधी येऊन पोचला होता. शेजारी म्हणून मीही बसलो होतो. मुलाच्या बापानं चहा फुर्रकन संपवला, तळाशी पाहिलं आणि त्याच्या मिशा थरथरायला लागल्या. तराजूच्या एका पारड्यात बाशिंग बांधलेला नवरदेव, दुसऱ्यात स्कूटर. स्कूटरचं पारडं खाली.

"हा आमचा अपमान हाय!"

"तुमचा कुटं? मी कुणाचं नाव लिवलंय व्हय? तुमी वळखलात, त्याला मी काय करू?"

पाहुणे पोहे तसेच टाकून गेले. गल्ली पोट धरून हसली. शिवलिंगप्पा मात्र थंड भट्टीपाशी बसून होते. मला म्हणाले, "माझ्या खोडीपायी पोरगी घरातच राहती का काय वो?"

पुढच्या स्थळासाठी त्यांनी कोरे पांढरे कप केले. इतके सभ्य कप त्या घरात कधी आले नव्हते. मुलगा अकलूजचा, डेअरीत नोकरीला. आईला घेऊन आला होता. महादेवी चहा घेऊन बाहेर आली, तर ट्रेमध्ये तराजूचेच कप! शिवलिंगप्पा अर्धे उठले.

"अव्वा, हे कशाला?"

"असू द्या की अप्पा. माणूस कसा हाय, मला बी बघू द्या."

मुलानं चहा संपवला. बराच वेळ तळाकडे बघत राहिला. मग कप आईपुढे धरून म्हणाला, "आई, आपली सायकलच बरी की."

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. शिवलिंगप्पांनी पहिल्यांदा श्वास सोडला.

लग्न झालं. महादेवी अकलूजला गेली. त्यानंतर भट्टी पेटलीच नाही. आमचे कपडे पांढरेशुभ्र वाळायला लागले आणि गल्लीला करमेनासं झालं.

एका संध्याकाळी मला ते एस.टी. स्टँडवर दिसले. अकलूजहून आलेली गाडी नुकतीच लागली होती आणि उतरणाऱ्या एकेका माणसाकडे ते मान वर करून बघत होते.

"अप्पा, गावाला निघालात?"

ते दचकले. "न्हाय वो. माती आणायला आलतो."

एस.टी. स्टँडवर कसली माती मिळते, हे मी विचारलं नाही. गाडी रिकामी होईपर्यंत त्यांच्या शेजारी बाकावर बसून राहिलो.