चार बोटं खाली

"वैनी, गाडी चार बोटं खाली बसवून देतो मी. पण रस्त्याला कोण सांगनार, तू बी चार बोटं खाली बस म्हणून?"

घाटनांदूरच्या स्टेशन रोडवर शहादेव मिस्त्रीनं हातातला पाना खाली न ठेवता हे विचारलं, तेव्हा ईश्वरीनं ते हसण्यावारी नेलं. ती अंबाजोगाईच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. कडेवर दोन वर्षांची अपेक्षा. पोरीच्या कपाळाला हात लावून ताप बघत ती म्हणाली, "शहादेवभाऊ, वजन जितकं जमिनीजवळ येतं, तितकी गाडी स्थिर होते."

"व्हती ना," शहादेव म्हणाला. "इतकी स्थिर व्हती की मंग जागची हालत न्हाई."

ईश्वरीला हसायला वेळ नव्हता. सोमवारी संध्याकाळी मांजरसुंब्याहून योगिताचा फोन आला होता. योगिता म्हणजे तिच्या मावससासूची, भिवराबाईंची, मुलगी. आईसाठी सासरहून आलेली. "वैनी, आईचं काही खरं न्हाई. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलंय. सारखी मावशीला बोलवा म्हनती."

आता, ती मावशी म्हणजे ईश्वरीच्या सासूबाई बसम्मा, आणि या दोन सख्ख्या बहिणी बारा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. योगिताच्या लग्नात बसम्मांचं पान पहिल्या पंगतीत मांडायचं राहून गेलं, एवढंच कारण. बसम्मा त्या दिवशी न जेवता परत आल्या, त्या आल्याच. पण योगिताचा निरोप ऐकला आणि त्या उठल्या. लुगडं बदललं, कपाळाला विभूती लावली आणि दारात येऊन थांबल्या. दारात गाडी उभी होती.

ती गाडी राजेश्वरनं, ईश्वरीच्या नवऱ्यानं, हे सगळं घडलं त्याच साली पुण्याहून जुनी घेतली होती. तेव्हा दर दोन महिन्यांनी बाजारात नवी गाडी यायची आणि कापडदुकानात बसल्या बसल्या राजेश्वर पेपरातली तिची जाहिरात कापून ठेवायचा. ही दिसायला जीप, आतून कार. आपल्याकडचे खड्डे बघून मुद्दाम उंच घेतलेली. इतकी उंच, की तिची सीट बसम्मांच्या कमरेला लागायची. आणि बसम्मांचे गुडघे तर देवघरातल्या पाटावरूनही उठायला नाही म्हणायचे.

राजेश्वरनं दुकानातलं स्टूल आणून ठेवलं. समोरचा किराणावाला उठून बघायला लागला.

"घोड्यावर बसवतुस का मला?" बसम्मा म्हणाल्या. "वरात हाय का माझी?"

"आई, मी धरतो की."

"हात लावून तर बघ! भर बाजारात पोत्यावानी उचलून टाकतुस व्हय?"

"मग एस.टी.नं जाऊ."

"तिच्या पायऱ्या बघितल्यास का? ती तर माडी हाय माडी." आणि बसम्मा आत गेल्या. पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत बसल्या. मी माझ्या पायानं गाडीत बसले तर जाईन, नाहीतर नाही, हा त्यांचा हट्ट. तिकडे भिवराबाईंचा श्वास मोजला जात होता आणि इकडे सगळं एका सीटच्या उंचीवर अडलं होतं.

ईश्वरीला रात्रभर झोप नव्हती. सकाळी तिनं पुण्याला भावाला, मन्मथला, फोन लावला. तो गाड्यांच्या वर्कशॉपात होता. म्हणाला, "ताई, त्याच कंपनीची एक बुटकी गाडी हाय, पोरांसाठी. शर्यतीवानी पळनारी. तिच्या स्प्रिंगा आन् शॉकअप तुमच्या गाडीला जसेच्या तसे बसतात. चार बोटं खाली येईल." बुधवारी सकाळी ट्रॅव्हल्सनं खोकं आलं. गुरुवारी शहादेवनं सगळं बसवलं. जुन्या स्प्रिंगांचं काय करायचं, त्यानं विचारलं. ईश्वरी म्हणाली, "भंगारवाल्याला देऊन टाका. परत कशाला लागतायत?"

शुक्रवारी सकाळी आठ वाजता बसम्मा दाराबाहेर आल्या, गाडीकडे पाठ केली आणि सीटवर बसल्या. कुणाचाही हात न धरता. किराणावाल्याकडे त्यांनी असं बघितलं, की तो दुकानात जाऊन उगीच साखरेचं पोतं हलवायला लागला. ईश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. शिकल्याचं सार्थक झालं, असं तिला बारा-पंधरा किलोमीटर वाटत राहिलं.

मग पहिला ब्रेकर आला.

आपल्या भागात गतिरोधक सरकार बांधत नाही, गाव बांधतं. शेळी मेली की वीतभर, माणूस मेलं की हातभर. खडी, मुरूम, वर सिमेंट. गाडीचं पोट त्याला खर्रकन् घासलं आणि बसम्मा म्हणाल्या, "काय फाटलं रे?"

"काही न्हाई आई. सगळे उतरा, म्हणजे गाडी हलकी होईल," राजेश्वर म्हणाला.

ईश्वरी उतरली, अपेक्षाला उतरवलं. बसम्मांनी पाय बाहेर टाकले, दाराला धरलं, जोर केला आणि परत मागे बसल्या. पुन्हा जोर केला. पुन्हा बसल्या.

"उठता येईना गं," त्या हळूच म्हणाल्या.

माणूस खाली बसताना पृथ्वी मदत करते आणि उठताना तीच आडवी येते, हे तिला पहिल्याच वर्षाला शिकवलं होतं. परीक्षेला आलंही होतं.

"धरू का आत्याबाई?"

"हात लावू नको. चला तसंच."

तसंच चालले. ब्रेकर आला की ईश्वरी पोरीला घेऊन उतरायची, पलीकडे जाऊन उभी राहायची, राजेश्वर गाडी तिरकी करून एकेक चाक चढवायचा आणि बसम्मा आत बसून देवाचं नाव घ्यायच्या. अंबाजोगाईला पोचायला साडेदहा झाले. ईश्वरी मनात हिशेब घालत होती. सोमवारी फोन, आज शुक्रवार. सोमवारीच आत्याबाईंना सरळ उचलून आत ठेवलं असतं, तर? त्या आठ दिवस शिव्या देत बसल्या असत्या. पण पोचल्या असत्या.

केजच्या अलीकडे एका गावात गाडी ब्रेकरवर चढली आणि उतरलीच नाही. पोट टेकलं, पुढची चाकं हवेत फिरायला लागली. शेळ्यामेंढ्या घेऊन निघालेले दोघे धनगर थांबले, बिभीषण आणि सोमनाथ. हळूहळू गाव गोळा झालं.

"आजी, उतरा की खाली," बिभीषण म्हणाला.

"त्यांना उठता येत नाही," ईश्वरी म्हणाली.

"मंग उचलून घिऊ."

"मला हात लावायचा न्हाई!" आतून आवाज आला.

"तुमाला कोन लावतंय? गाडीला लावू का?"

आठ-दहा जणांनी गाडीला खांदा दिला आणि बसम्मा, ज्यांना एका किराणावाल्यासमोर स्टुलावर चढायचं नव्हतं, त्या सगळ्या गावासमोर गाडीसकट उचलल्या गेल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. एक म्हातारी देवाची पालखी समजून लांबूनच हात जोडून मोकळी झाली. ईश्वरीला हसू फुटलं, आणि त्याच हसण्याचं रडू झालं. अपेक्षा तिच्या गालाला हात लावून बघत राहिली.

गाडी खाली ठेवली तेव्हा कट्ट असा आवाज आला. सोमनाथ वाकून बघून म्हणाला, "चेंबर फुटलंय. लई ऑइल गळायलंय. गाडी चालू केली की इंजन गेलं म्हनून समजा."

"मग आता काय करायचं हो?"

"आमच्या शेळ्या तर हेला वढनार न्हाईत. थांबा, ट्रॅक्टर बघतो."

अशा रीतीनं शर्यतीच्या गाडीच्या स्प्रिंगा लावलेली ती गाडी कडब्याच्या ट्रॅक्टरला दोर बांधून मांजरसुंब्याला आली. दिवस कलला होता. ढाब्यांमागच्या गल्लीत दारातच उत्तरेश्वर काका उभे होते, भिवराबाईंचे यजमान. "शरणार्थ," ते हात जोडून म्हणाले. त्यांना ऐकायला कमी यायचं, म्हणून ते सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. ईश्वरीनं मान हलवून विचारलं. त्यांनी मान हलवून सांगितलं. होत्या. अजून होत्या.

पण बसम्मा गाडीत आणि भिवराबाई खाटेवर. एकीला उठता येईना, दुसरीला चालता येईना. शेवटी योगितानं चार शेजारी बोलावले, खाट उचलली आणि गाडीच्या उघड्या दाराला आणून टेकवली.

आणि खाट आणि सीट बरोबर एका उंचीला आल्या. बोटभरही फरक नाही. उंच गाडी असती तर बसम्मा वरून बघत राहिल्या असत्या. आता दोघींचे चेहरे समोरासमोर होते, एका उशीवर ठेवल्यासारखे.

भिवराबाईंनी डोळे उघडले.

"अक्का? उतर की खाली. अजून रुसून बसलीस व्हय?"

"न्हाई गं," बसम्मा म्हणाल्या. "गुडघे."

भिवराबाईंना हसू आलं. त्या हसण्यात दम नव्हता, नुसता खांदा हलला. बसम्मांनी हात पुढं करून बहिणीच्या गालावरचे केस मागे सारले. बारा वर्षांचं बोलायचं होतं, पण दोघी फक्त एवढंच बोलल्या. ईश्वरी दार धरून उभी राहिली, कारण सोडलं की ते आपोआप मिटायचं. हात भरून आला तरी तिनं सोडलं नाही.

त्या रात्री बसम्मांना चौघांनी धरून गाडीतून काढलं. त्यांनी एकदाही हात लावू नका म्हटलं नाही. शनिवारी दुकानाची माणसं खोळंबली म्हणून सगळे परत फिरले, एका ओळखीच्या जीपनं, बसम्मांना उचलून बसवून. मंगळवारी पहाटे फोन आला. ईश्वरीनं तो घेतला आणि ती सासूबाईंना सांगायला वळली, तर बसम्मा पायात चपला घालून उभ्याच होत्या.

स्टँडवर एस.टी. लागली होती. राजेश्वर तिकिटाचे सुटे काढत होता, ईश्वरी पोरीच्या दुधाची बाटली शोधत होती. वळून बघितलं, तर बसम्मा खिडकीपाशी बसलेल्या.

"आई! तू चढलीस कशी?"

"पायऱ्यांनी," बसम्मा म्हणाल्या, आणि तोंड फिरवून बाहेर बघत राहिल्या. सोमवारी, आठ दिवसांपूर्वी, त्याच पायऱ्या इथंच होत्या. तिघंही मांजरसुंब्यापर्यंत तेच गिळत गेले.

सगळं आटोपल्यावर, निघताना, उत्तरेश्वर काका बसम्मांच्या पुढं येऊन उभे राहिले. "आता ती न्हाई," ते म्हणाले. "पन तुमी माझ्याशी भांडाया तरी येत जा."

"येते," बसम्मा म्हणाल्या. तेव्हा त्यांना तसं वाटतही होतं. पण घरी आल्यावर त्यांचे गुडघे खरोखरच बसले, आता दारापर्यंतही जाणं होत नाही. राजेश्वरला दुकान सुटत नाही. ओढून आणलेली गाडी शहादेवच्या आवारात चार विटांवर आहे. उंच स्प्रिंगा पुण्यात मिळेनात. योगिता सासरी परत गेली. ईश्वरी रोज फोन लावते, पण घंटी वाजते ती काकांना ऐकूच येत नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडं एक मागणं आहे. मांजरसुंब्याच्या चौकात तुमची गाडी जेवायला थांबली, तर ढाब्यांमागच्या गल्लीत जरा जाऊन या. निळं दार आहे. कडी वाजवू नका, खिडकीपुढं उभे राहा, काका तोंडाकडे बघतील. जेवलात का, असं विचारा. जेवलो म्हणतील. तेवढ्यावर निघू नका. आत जाऊन स्टोव्हला हात लावून बघा, गरम आहे का.