शमुवेलकाकांची खाट

लेंट लागला की आमच्या गल्लीला धडकी भरायची. ईस्टरच्या आधीचे हे उपासाचे दिवस पाळायचे शमुवेलकाका आणि भोगायचो आम्ही शेजारी. एका वर्षी त्यांनी भांडण सोडलं. रेल्वेतून निवृत्त झालेला, मिरजेतल्या प्रत्येकाशी हुज्जत घातलेला हा माणूस नुसते हात जोडायला लागला. दूधवाला घाबरून माझ्याकडे आला. "आवं वैनी, काका बरं हायत न्हवं? दुधात पाणी घातलंय म्हनून मीच सांगितलं, तरी गप्पच!"

पुढच्या वर्षी चहा सोडला. दुपारी चारला त्यांचा चेहरा बघून कुत्री वाट बदलायची. कीव येऊन मी सरबत पुढे केलं, तर म्हणाले, "देह रडतोय, रडू दे. लय लाड झाल्यात त्याचे."

यंदा त्यांनी खाट सोडली. मिरजेत दवाखाने भरपूर. गावोगावचे पेशंट आत, आणि त्यांची माणसं बाहेर फुटपाथवर. तिथून काकांनी जतकडची पारूबाई घरी आणली. तिच्या नवऱ्याच्या किडन्या निकामी झालेल्या. एकुलत्या खोलीतली खाट तिला, आणि काका बाहेर ओट्यावर, डासांच्या ताब्यात. सकाळी सुजलेल्या तोंडाने भाकरी थापायचे. एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला कच्चं पीठ. ती बघून पारूबाई पहिल्यांदा हसली. "सरका दादा, नासाडी करताय," म्हणत स्वतःच परातीपाशी बसली.

काका रोज डबा घेऊन दवाखान्यात जायचे, तिच्या नवऱ्याला चमच्याने भात भरवायचे, उशाशी बसून प्रार्थना करायचे. एकदा ओट्यावर तिने विचारलं, "दादा, हे उठतील न्हवं?"

"उठणार म्हंजे उठणार! मी उपास उगाच करतोय व्हय?"



गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी तिचा नवरा गेला.

पारूबाई बोचकं न्यायला आली. काका दारात अंग चोरून उभे. ती आरडली नाही, रडलीही नाही. "तुमी म्हनला हुता, दादा," एवढंच बोलली आणि नवऱ्याला घेऊन गावाकडं गेली.

ईस्टरला सगळी मंडळी नवे कपडे घालून चर्चला निघाली. काका ओट्यावरून हलले नाहीत. मी जाऊन शेजारी बसले. काका म्हणाले, "सूनबाई, रूथच्या टायमालाबी असंच मागितलं हुतं."

रूथ म्हणजे त्यांची बायको. मी लग्न होऊन या गल्लीत येण्याआधीच गेलेली. तिच्याबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते.

"ती आत, मी भाईर फुटपाथवर. माझा डोळा लागला, आन् तेवढ्यात गेली. मला कुनी उठवलंबी न्हाई. तवा देवानं ऐकलं न्हाई. आताबी न्हाई."

"बास करा आता काका," मी म्हटलं. "उपास संपले. आज खाटेवर निजा."

ते आत गेले. धुतलेली चादर काढून खाटेवर नीट अंथरली आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठं निघालात?"

"दवाखान्याकडं. बसलं असंल कुनीतरी."

"आणि त्यांना काय सांगणार?"

काका थांबले. "काय न्हाई," म्हणाले. "पाठ टेकायला जागा हाय, एवढंच."